दोन विहिणी आणि घटाचे कोंब

परंडा, २९ सप्टेंबर २०२४

सौ. शिवकांताबाई विहीणबाई यांना,
सत्यभामाचा नमस्कार.

लग्न झाल्यापासून आपण एकमेकींशी बोललेलो नाही. हे पत्र म्हणजे बोलणं नव्हे. भुवीच्या पिशवीत घातलेली सूचना आहे, एवढंच समजा.

राजेश्वरी प्रशिक्षणाला नागपूरला गेल्यापासून पोरगी माझ्याकडं होती. आज जावईबापू धाराशिवहून न्यायला आलेत, त्यांच्याबरोबर ती तुमच्याकडं येतेय, नवरात्रासाठी. दिवाळीनंतर मात्र राजेश्वरी परत येईपर्यंत भुवीला एकाच घरी ठेवायचं, असं तिच्या आईबापांनी ठरवलंय. कारखाना सुरू झाला की जावईबापूंना पाळ्या लागतात आणि अडीच वर्षांच्या लेकराला एसटीतून किती हिंडवणार? ते एक घर कुठलं, हे दोघी आज्यांनी मिळून ठरवा म्हणे. न बोलता कसं ठरवायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आता सूचना. भुवीला रिकामं बसवू नका, रिकामी बसली की ती चपला हौदात टाकते. हाताला काम दिलं की गुणी आहे. पोळ्याला आम्ही मातीचे बैल केले, त्यातली जोडी पाठवतेय. पाय तुरकाठीचे आहेत, जपून. आणि तिचा सध्याचा आवडता उद्योग म्हणजे करवंटीत माती घालून गहू पेरायचे, रोज वाटीनं पाणी घालायचं आणि कोंब वर आले की उपटून कागदाच्या टोपीत खोचायचे. टोपी घालून ती घरभर "दसला, दसला" करत हिंडते. करवंट्या सोबत दिल्यात, गहू तुमच्याकडं असतीलच.

जेवताना तिला गोष्ट लागते. गोष्टीत वाघ नको.

सत्यभामा


अणदूर, ४ ऑक्टोबर

विहीणबाई,
शरणार्थ.

पत्र पोचलं, पोरगी पोचली. मीही बोलत नाहीये, नुसती लिहितेय.

आल्या आल्या भुवी माझ्या गळ्यात पडली, "अव्वा" म्हणून. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तुम्हाला ती आजी म्हणते आणि मला अव्वा, म्हणजे त्यात तरी आपलं भांडण नाही. काल घट बसले. पत्रावळीवर काळी माती पसरताना ही माझ्या मांडीवर बसून दोन्ही मुठींनी धान्य पेरत होती. निम्मं धान्य माझ्या पदरात पडलं. आमचे मालक म्हणाले, "देवीला बी कळतंय, लेकराचा हात हाय."

तुमच्या करवंट्या वर माळवदावर ठेवल्यात. घरात देवीचा घट बसलेला असताना आणखी करवंट्या कुठं मांडू? दसऱ्यानंतर बघू.

बैल सुरेख आहेत हो. वशिंड काय, शिंगं काय! बाजारातनं आणलेत का? इतके नीट म्हणून विचारलं.

आमचा उद्योग साधा आहे. भेंडीचं देठ कापलं की आत फूल असतं, ते हळदीच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवायचं. भुवीला ते इतकं आवडलं की कागद संपल्यावर तिनं भिंत घेतली, भिंतीनंतर मालकांचं पांढरं धोतर. मालक तेच नेसून देवळात गेले. झेंडूची माळही ती करते. सुई कशाला हवी, खराट्याची काडी पुरते. फूल घुसवायचं आणि टाळी वाजवायची.

इथं ती मजेत आहे. तुमची आठवण काढत नाही, तेव्हा काळजी नसावी. दिवाळीनंतरचं म्हणाल, तर मला तरी वाटतं की रुळलेलं लेकरू हलवू नये.

शिवकांता


परंडा, ७ ऑक्टोबर

विहीणबाई,

आठवण काढत नाही हे वाचून आनंद झाला. इतका झाला की दिवसभर मी कुणाशी बोलले नाही. आमचे हे दोनदा विचारून गेले, "बरं न्हाय का?"

बैल बाजारातले नाहीत. मी मांडलेल्या रुखवतात परंड्याचा किल्ला होता, तोही बाजारातला नव्हता. पुठ्ठा, कणीक आणि सुतळी घेऊन सबंध उन्हाळाभर मी तो केला होता. बुरूज, खंदक, तोफ, सगळं. लेकीच्या लग्नात मांडवात तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "बाजारात बरं मिळतं हो आता सगळं." त्या दिवशीपासून मी तुमच्याशी बोलत नाही. चार वर्षांनी तुम्ही पुन्हा तेच विचारताय, म्हणजे तुमची सवयच दिसते.

दिवाळीनंतरचं माझं सरळ आहे. भुवी इथं राहील. समोरची खोली मोकळी केलीय. आमच्या ह्यांनी तिथल्या भिंतीला खालून हात पोचेल इतका काळा रंग दिलाय, खडूनं रेघोट्या मारायला. अंगणवाडी दोन घरं सोडून आहे. राजेश्वरीला मी तसं कळवतेच आहे. रुळलेलं लेकरू हलवू नये हे मलाही पटतं, पण ती आधी इथं रुळली होती.

पोरीला शिस्त लागलीय ती मोडू नका. मी शिकवलेलं ती विसरत नाही.

सत्यभामा


अणदूर, १० ऑक्टोबर

विहीणबाई,

तुम्ही शिकवलेलं ती विसरत नाही, हे अगदी खरं आहे. आज दुपारी तिनं माझा घट उपटला.

सगळा! हिरवागार, वीतभर वाढलेला घट. मी माळ करायला फुलं आणायला परड्यात गेले होते, तेवढ्यात ही देवघरात शिरली. मालक ओसरीवर झोपलेले, टोपी उशाशी. हिनं मूठमूठ कोंब मातीसकट आणले, टोपीत खोचले आणि टोपी झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवून "दसला, दसला" करत नाचायला लागली. मी फुलं घेऊन आले तर मालकांच्या मिशांतून काळी माती ओघळतेय आणि मागं देवघरात घट भुंडा. मी कपाळाला हात लावून तिथंच खाली बसले.

दसऱ्याला टोपीत कोंब आमच्यातही खोवतात. पण दसऱ्याला हो! घट उठल्यावर! बसल्या घटाला बोट लावायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? हे लग्नच आधी दोन्हीकडच्यांना नको होतं. तेव्हा भाऊबंद म्हणत होते, "परक्या समाजातली सून आणताय, देवाधर्माचं बघा." मी सगळ्यांना पुरून उरले. आता त्यांना काय तोंड दाखवू?

संध्याकाळी आमच्या जाऊबाई नागूबाई माळ घेऊन आल्या. मी घटावर झेंडूचा ढीग रचून ठेवला होता, तरी त्यांनी वाकून बघितलंच. म्हणाल्या, "अगं, ह्ये काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "उंदरानं खाल्लं." झालं! गल्लीतल्या चार बायका उंदराचा पिंजरा घेऊन आल्या. शरणम्मानं तर मांजर आणून सोडलंय. ते आता भुवीच्या अंथरुणावर बसलंय आणि जायला तयार नाही.

लेकराला मी रागावले नाही. तिला काय कळतं? राग तुमचा आला. घरात कोंब उपटायचा खेळ करायला लावलात आणि तो कधी करायचा नाही, हे सांगितलं नाहीत. असली शिस्त असेल तर भुवीनं परंड्याला का जावं? ती इथंच राहील. राजेश्वरीला मीही कळवतेय.

शिवकांता


परंडा, १४ ऑक्टोबर

विहीणबाई,

पत्र वाचलं. आधी देवीपुढं नाक घासलं, मग तुमच्या मालकांच्या मिशांचं वाक्य पुन्हा वाचलं आणि हसू आवरेना. हसल्याबद्दल पुन्हा नाक घासलं. काल तुळजापूरला जाऊन खणानारळानं ओटी भरून आले. आईला म्हटलं, चूक लेकराची नाही, अणदूरवाल्यांची नाही, माझी आहे, जे काय रागवायचं ते मला रागव. गर्दीत मागची बाई म्हणाली, "मावशी, जरा लवकर सांगा." एवढ्यानं भागेल ना?

तुमचं बरोबर आहे. करवंटी आणि घट यातला फरक मी तिला सांगायला हवा होता. मला फक्त तिच्या डोक्यावरची हिरवी टोपी दिसत होती. तुम्ही सुनेसाठी भावबंदांशी भांडलात, हे मला आजवर माहीत नव्हतं. राजेश्वरीनं कधी सांगितलं नाही. कदाचित मीच ऐकून घेतलं नाही.

आणि बैलांचं ऐका. ते भुवीचे नव्हते. तिनं केलेला बैल म्हणजे मातीचा गोळा होता, त्याला पाच पाय आणि डोळा पोटावर. ती झोपली की मी तो मोडायची आणि नीट करून ठेवायची. सकाळी ती त्या बैलाकडं बघायची आणि म्हणायची, "माझा कुठंय?" मी म्हणायची, "हाच की!" ती गप्प बसायची. तुमचं भेंडीच्या ठशांचं पत्र वाचल्यापासून ते गप्प बसणं माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्याकडं तिनं धोतर रंगवलं आणि तुमचे मालक तेच नेसून देवळात गेले. माझ्याकडं असतं तर मी ते भिजत घातलं असतं.

म्हणून माझं ठरलंय. भुवी तुमच्याकडंच राहू दे. भिंतीचा काळा रंग काय, राहील तसाच. आमचे हे त्यावर दुधाचा हिशोब लिहितील.

वाघाची गोष्ट तेवढी नको.

सत्यभामा


अणदूर, १४ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण रागाचं पत्र टाकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

दसऱ्याला सकाळी घट उठवायला झेंडूचा ढीग बाजूला केला आणि बघते तर खाली बोटभर कोवळे कोंब! उशिरा रुजणारे दाणे मातीत राहिले होते. दाट नव्हते, पण होते. मी मालकांना हाक मारली. ते आले, हात जोडून उभे राहिले आणि डोळे पुसले. मग म्हणाले, "भुवी, ये गं. आता उपट, आता चालतंय." तिनं उपटले, टोपीत खोचले. सगळ्या भाऊबंदांत आमच्याच मालकांची टोपी आखूड कोंबांची होती आणि तेच सगळ्यांत ताठ चालत होते. नागूबाईंना मी खरं सांगून टाकलं. त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. मांजर अजून आहे.

आता मनातलं लिहिते. भुवी तुमची आठवण काढत नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं. दिवे लागायच्या वेळेला ती एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, "आजीकडं." मी तिला वासरू दाखवते, चिमण्या दाखवते. ती बघते आणि पुन्हा म्हणते, "आजीकडं." आणखी एक. माझे गुडघे गेलेत. पोरगी परड्यातल्या विहिरीकडं पळाली, मी हाका मारत मागं, आणि मला पोचता येईना. मालकांनी धरली म्हणून बरं. त्या दिवसापासून मी भ्यालेय. हे लेकाला, मल्लेशला, सांगितलेलं नाही. तो म्हणेल, अव्वाला झेपत नाही. खरंच झेपत नाही हो.

तुमच्या रुखवताचं म्हणाल तर, विहीणबाई, मी ते कौतुक म्हणून बोलले होते. तसला किल्ला माणसाच्या हातून होतो, हेच मला खरं वाटेना. आमच्याकडं चांगल्यातल्या चांगल्या वस्तूला बाजारातली म्हणतात. उलट मीच रुसले होते, कारण मी पहाटे उठून हंडाभर हुग्गी करून आणली आणि ती तशीच परत आली. गव्हाची खीर माझ्या हातची सगळे मागून खातात. वाटलं, आमच्या हातचं चालत नसेल तुम्हाला.

भुवीला घेऊन जा. ती परंड्यालाच राहू दे. मी मन घट्ट केलंय.

शिवकांता


परंडा, १८ ऑक्टोबर

शिवकांताबाई,

काय ही आपली तऱ्हा! तुमचं पत्र आलं त्या दिवशी माझं तुम्हाला पोचलं असेल. दोन्ही पत्रं कुठंतरी बार्शी-तुळजापूरकडं एकमेकांना ओलांडून गेली. आता तुम्ही म्हणता पोरगी तुमची, मी म्हणते तुमची. भुवीला कुणीच ठेवायला तयार नाही, असं राजेश्वरीला वाटायचं.

हुग्गीचं मी आज पहिल्यांदा ऐकतेय. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मांडवात हंडा आला तो आचाऱ्यानं सारवलेल्या कोपऱ्यात ठेवला आणि पंगतीला वाढायला विसरला. परत कुणी नेला तेही मला ठाऊक नाही. आम्हाला चालत नाही असं कसं होईल? आमचे हे तर आताच विचारताहेत, "अजून करतात का त्या?"

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. चपलेचं वाक्य आलं आणि मला पुढं वाचवेना. ह्यांनी कागद घेतला आणि पुढचं वाचलं. मला ती हवी आहे, विहीणबाई. तुम्हालाही हवी आहे. पण इथं ठेवली तर दिवे लागायच्या वेळेला ती इथल्या दारात उभी राहून "अव्वाकडं" म्हणणार, हे मला दिसतंय. मग काय करायचं?

वसुबारसेला मी अणदूरला येतेय, दिवाळी संपेपर्यंत. विहिरीकडं पळायला तुमच्याऐवजी मी आहे. बोलेनच असं नाही, पण येतेय.

सत्यभामा


अणदूर, ३ नोव्हेंबर

चि. सौ. राजेश्वरी हिला,
अनेक आशीर्वाद.

तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून इथं सगळे हळहळले. फोनवर तू भुवीला बघितलंस, पण मल्लेशराव फोन असा धरतात की निम्मा वेळ तुला माळवदच दिसलं असेल. म्हणून लिहितेय.

मी वसुबारसेला तुझ्या बाबांबरोबर आले. दारात तुझ्या सासूबाई ओवाळायला उभ्या होत्या. त्यांनी ओवाळलं, मी वाकले, दोघी गप्प. पाच दिवस आम्ही भुवीमार्फत बोलत होतो. "भुवी, अव्वाला विचार मीठ कुठंय." "भुवी, आजीला सांग, डोळ्यांसमोर." पोरगी दमून गेली. तुझे सासरे आणि तुझे बाबा ओसरीवर बसून तोंडात टोपी कोंबून हसत होते.

काल पाडवा. सकाळी अंगणात शेणाच्या गवळणी करायला बसलो. तुझ्या सासूबाई त्यांना पांडव म्हणतात, पण शेण तेच आणि झेंडूच्या पाकळ्याही त्याच. भुवी आमच्या दोघींच्या मध्ये, कोपरापर्यंत शेणात. माझ्या गवळणीला वेणी होती, डोक्यावर घागर होती, ज्वारीच्या दाण्यांचे डोळे होते. भुवीनं एक गोळा थापला, त्यात सात-आठ डोळे खुपसले आणि मधोमध खराट्याची काडी रोवली. "अव्वा," म्हणाली. मग तसलाच दुसरा. "आजी." माझा हात आपोआप पुढं गेला. डोळे दोनच हवेत, नाक हवं, एवढंच करणार होते.

तेव्हा तुझ्या सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "राहू द्या, विहीणबाई. तिचं तिला करू द्या."

मी म्हटलं, "व्हय हो. चुकलंच."

चार वर्षांनी आम्ही बोललो ते एवढंच. मग मला रडू आलं. त्यांनाही आलं. दोघींचे हात शेणाचे, डोळे पुसायची सोय नाही. भुवीनं तिच्या हातांनी पुसले. त्यानंतर आम्हाला दोघींना आंघोळ करावी लागली.

इथून पुढं त्यांना लिहायचंय.

राजेश्वरी, मी अव्वा. आंघोळीनंतर आम्ही चुलीपाशी बसलो, हुग्गी ढवळत. तुझी आई दोन वाट्या खाऊन म्हणाली, "लग्नात ही का वाढली न्हाय?" मी म्हटलं, "आचाऱ्याला इचारा." मग भुवीचं निघालं. इकडं ठेवली की तिकडं बघणार, तिकडं ठेवली की इकडं. तुझी आई म्हणाली, "लेकरानं कशापायी हिंडायचं? तिला तिचं घर हाय की धाराशिवात." मी ढवळायची थांबले. इतकी साधी गोष्ट आम्हाला महिनाभर पत्रं लिहून सुचली नव्हती.

तर असं ठरलंय. भुवी स्वतःच्या घरी राहणार, बापापाशी, आणि आम्ही दोघी तिच्याकडं येऊन राहणार. मी बसल्या जागचं बघीन, तुझी आई पळायचं बघेल. उद्या निघतोय. मांजर सोबत आहे, ते ऐकत नाही. पाडव्याचे ते दोन गोळे वाळवून घेतलेत, तू आलीस की बघशील. दोन खोल्यांत मल्लेशची जरा अडचण होईल, पण त्याला विचारलंय कुणी?

पुन्हा मी, आई. तुझे बाबा आणि सासरे आम्हाला पोचवायला येताहेत. दोघांत पैज लागलीय, दोन विहिणी एका घरात किती टिकतील यावर. तुझे बाबा म्हणतात आठवडा, सासरे म्हणतात संक्रांतीपर्यंत. तू मार्चमध्ये येशील तेव्हा दार आम्ही दोघीच उघडू.

सत्यभामा आणि शिवकांता